शेरा

अर्जात एक रकाना होता: शोधाचं प्रयोजन.
मी लिहिलं, म्हाळ.
खिडकीतल्या कुस्तोदने वाचून मान हलवली.
"हे चालत नाही, बाई. जमीन लिहा.
पणजीला येऊन सगळे जमीनच शोधतात."
मी जमीन लिहिलं.

आमच्या घरात ती
आगरवाड्याच्या मानशीपाशी पाय घसरून गेली.
एवढंच. भरती होती, अंधार होता,
मूल सहा वर्षांचं होतं. ते आमचे आजोबा, सगुण.
(आमच्यात पिढ्या उशिरा होतात.)
मानशीची दारं तीनदा बदलली,
वाक्य तेच राहिलं.

नावं ठेवायलासुद्धा कुणी तिचं नाव ठेवलं नव्हतं.
म्हाळाला भट विचारायचे, पणजीचं नाव?
दादा गप्प.
मग भटच म्हणायचे, ठाऊक नसेल तर गंगा म्हणा, चालतं.
चाळीस वर्षं चाललं.

तिसऱ्या आठवड्यात बाड सापडलं.
वाळवीने तारवाचं नाव खाल्लं होतं, तिचं सोडलं होतं:
देवोकू गांवकारिना.
मी दोनदा पुटपुटले. देवकू.
"असेल," कुस्तोद म्हणाला, "कारकून कानाला येईल तसं लिहायचे."

पेडण्याची. विधवा. वय अंदाजे सत्तावीस.
गुन्हा: आग. भाटकाराच्या तीन गंजी, एक गोठा.
गुरं तिने आधी सोडली होती, असं एक साक्षीदार म्हणतो.
का, ते लिहिलेलं नाही.
का, असा रकानाच नव्हता.
शिक्षा: दहा वर्षं, मोझांबिक.

उंची जुन्या मापात होती.
कुस्तोदने वितींनी हिशेब करून
दप्तराच्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली.
मी शेजारी उभी राहिले.
माझ्या कानाच्या पाळीला लागली.
इतकी बुटकी
आणि तीन गंजी.

पुढे दहा वर्षं बोट फिरवत गेले.
कुणाला ताप, कुणी पळाला, कुणाला फटके,
ती कशातच नाही.
मग एका यादीत: इस्पितळाची धोबीण.
शिक्षा पुरी. परतीचं भाडं जिचं तिने भरावं.

आणि सगळ्यात शेवटी, दोन वर्षांनंतरचा, एक अर्ज.
अक्षर दुसऱ्याचं, खाली तिची फुली.
फुलीची एक रेघ लांब, कागदाबाहेर जाता जाता थांबलेली.
कुस्तोद अडखळत अर्थ लावत होता, मध्येच चष्मा पुसला.
"अर्जदार भाडं मागत नाही.
आगरवाड्याला तिचा मुलगा आहे.
ती जिवंत आहे, एवढं त्याला कळवावं."

समासात तांबड्या शाईचा शेरा.
"काय म्हणतोय?"
"दप्तरी दाखल."

आजोबा एक्क्याऐंशीचे होऊन गेले.
मानशीकडे पोरांना फिरकू द्यायचे नाहीत.
आम्ही अजूनही देत नाही.

यंदा म्हाळाला भटांनी विचारलं,
दादाने माझ्याकडे पाहिलं, मी नाव सांगितलं.
"देवकू," भट म्हणाले आणि तीळ पुढे केले,
"कधी गेल्या?"

तशी नोंद कुठेच नव्हती.
शेवटची खबर ती जिवंत असल्याची होती,
आणि ती आम्हांला आत्ता पोचत होती.

दादाने पळी ताम्हनात ठेवली.
भट एकदा घड्याळाकडे, एकदा आमच्याकडे.
पानावर मीठ वाढायचं राहिलं होतं,
मी उठले.