काठावर पास

जूनमध्ये निकाल लागले की
मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढते.
नारायण पेठेत पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान,
यंत्रांची ऊब फरशीतून टाचांना लागते.
ज्यांचा एकच विषय राहिला
आणि जे नंतर आलेच नाहीत,
त्यांची नावं मी पेन्सिलीने लिहिलेली असतात.
शाईला हात धजत नाही.

मग फोन.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
हा भावाचा आहे, भाऊ चाकणला, रात्रपाळीला.
दिलवर पाडवीची आई उचलते
आणि तिच्या भाषेत बराच वेळ बोलते.
मला त्यातलं ‘दिलवर’ तेवढं कळतं.
मी हो म्हणते.

संघमित्रा ढावरे म्हणाली, कोण मॅडम?
मग म्हणाली, अजून तिथेच आहात तुम्ही?

कॉस्टिंग राहिलं होतं तिचं, चार वर्षं.
त्या दिवशी रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोने
आईची कचऱ्याची ढकलगाडी दाबली, आईसकट.
पोरगी ससूनला, पेपर कॅम्पात,
मध्ये रिक्षाने दहा मिनिटं.

कॉस्टिंग म्हणजे
एका वस्तूला खर्च किती आला ते काढायचं शास्त्र.
आमच्या ट्रस्टींनाही दर मार्चात तेच हवं असतं,
दर विद्यार्थ्यामागे किती.
मी आकडा देते. दोन दशांश स्थळांपर्यंत.

लग्नानंतरचं नाव, आधीचं नाव,
दोन्ही एकच बाई आहे याचं प्रतिज्ञापत्र,
शिवाजीनगर कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याने
‘संघमित्रा’ तीनदा चुकवलं.
नवरा म्हणाला, आता काय उपयोग.
पण परीक्षा फी त्यानेच भरली, न सांगता.

पेपरच्या सकाळी ती गेटवर आली मुलगी घेऊनच.
शेजारीण ऐन वेळी गावाला गेली होती.
“घ्या,” म्हणाली,
सात महिन्यांचं ऊन ऊन ओझं माझ्या हातात दिलं,
वर बाटली, दुपटं, वाटी-चमचा,
आणि वळूनही न बघता जिना चढली.

मी कधी मूल सांभाळलेलं नाही.
वॉचमनने जंगली बदामाखाली स्टूल आणून दिलं.
तिने माझ्या ओळखपत्राची दोरी मुठीत धरली,
माझा फोटो चोखला,
मांडी ओली केली.
साडेअकराला जे रडायला लागली
की खिडकीतून पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले.
मला अंगाई येत नाही.
मी तिला फॉर्म भरायच्या तारखा सांगितल्या हळू आवाजात,
विलंब शुल्काशिवाय,
विलंब शुल्कासह,
अतिविलंब शुल्कासह,
विलंब शुल्काशिवाय…
झोपली.

माझा भाऊ बाणेरला राहतो.
दर दिवाळीत चकलीचा तुकडा मोडत विचारतो,
ताई, तू नेमकं करतेस काय?
एकोणीस वर्षांत मी त्याला
समन्वय म्हणून झालं, पाठपुरावा म्हणून झालं,
एकदा चिडून ‘कारकुनी’ म्हटलं.
यंदा म्हणाले, बदामाखाली बसते.
त्याला वाटलं, निवृत्ती घेतली.

चाळीस पडले. बरोबर चाळीस.
तिने निकालाचा फोटो पाठवला, सोबत एक शब्द नाही.
काठावर, असं आपण म्हणतो, नाक जरा वर करून.
मी रोज भिडे पुलावरून येते.
धरणाचं पाणी सोडलं की
पूल आधी जातो. काठ राहतो.

रजिस्टरातलं तिचं नाव मी खोडरबराने पुसलं.
अक्षर गेलं, दाब राहिला,
कागद उजेडाकडे तिरका धरला की वाचता येतो.
त्याच्या खाली दिलवर.
या वेळी त्याची आई दुसऱ्याच रिंगला फोन उचलते,
आणि मी बोलायच्या आधीच
बोलायला लागते.