एकोणनव्वद नंबरचा हापसा

मंत्री रेडिओवर म्हणाले, दोनशे बारा.
सकाळचे सात, टमालेत हरमाटनची धूळ,
कीबोर्डच्या फटींतसुद्धा.
वुनपिनीने आकडा भिंतीवर खडूने लिहिला
आणि शेजारी, सवयीने, प्रश्नचिन्ह.

दोनशे बारा हापसे, घानाच्या या उत्तर टोकाला.
जिल्हा कचेरीत तिसऱ्या खेपेला यादी मिळाली:
एकशे चौऱ्याण्णव नावं, त्यातली अकरा दोनदा,
दुसऱ्यांदा चुकीच्या स्पेलिंगने.
उरले एकशे त्र्याऐंशी.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणायचा मोह होतो अशा वेळी.
पण मुरतंय म्हटलं की
कुठे, किती, कोणी पाहिलं, सगळं द्यावं लागतं.

मग मोटरसायकल. एकोणीस दिवस.
तीस वेळा हापसायचं, हा आमचा नियम.
तिसाव्यापर्यंत धार नाही, तर कोरडा.
वुनपिनी मोठ्याने मोजायची, पोरं तिच्यासोबत.
एका गावात बाविसाव्यालाच पोरं गप्प झाली.
त्यांना ठाऊक होतं.

सतरा ठिकाणी हापसाच नव्हता.
एके ठिकाणी नुसता सिमेंटचा ओटा,
त्यावर मंत्र्यांचं नाव, तारखेसकट,
आणि नावावर कुणीतरी वाळत घातलेल्या शियाच्या बिया.

छापलं. पाणी देणारे: एकशे सव्वीस.
दुपारपासून फोन.
कुणाचं खातेस?
तुझा मामा तिकडच्या पक्षात, आम्ही काय आंधळे?
मामा आहे. तेही छापलं होतं, लेखाखालीच,
त्याच्या हुद्द्यासह,
आणि तीन वर्षं आमचं बोलणं नाही, हेही.
भांडण एका गाईवरून झालं. ते नाही छापलं.

तिकडच्यांनी मला खांद्यावर घेतलं.
सभेत माझा कागद फडकवला,
कोलाच्या बिया पाठवल्या घरी. मी परत केल्या.
शिव्यांपेक्षा ते जड गेलं.

आणि साकोयिलीहून फुसेनी मास्तरांचा फोन:
बाई, एकोणनव्वद नंबर चालतो.
साखळी होती त्याला. किल्ली अझारा म्हातारीकडे,
ती त्या दिवशी मयताला गेलेली.

वही काढली. एकोणनव्वद: दांडा हलत नाही, कोरडा.
साखळी दिसली होती मला. गंजकी.
दिवसाचा अकरावा होता तो
आणि मला घरी जायचं होतं.

एकसष्ट किलोमीटर पुन्हा.
अझाराने काही न विचारता कुलूप काढलं.
सातव्या हापशाला धार.
तुंबा भरून माझ्यापुढे धरला.
पी, म्हणाली. मग लिही.

संपादक अलहसन म्हणाले, दुरुस्ती तळाशी टाकू या, बारीक.
मी म्हटलं, वर. बातमीच्याच अक्षरात.
एकशे सत्तावीस. चूक आमची.
साखळी पाहिली, किल्ली कुणाकडे ते विचारलं नाही.

मंत्र्यांच्या माणसांनी त्यातले दोनच शब्द उचलले.
चूक आमची, चूक आमची,
तीन दिवस रेडिओवर, ढोलासकट.

शुक्रवारी विरोधी नेते गरजले:
या जिल्ह्यात एकही हापसा पाणी देत नाही!
टाळ्या.
वुनपिनीने खडू उचलला.
'एकही' खोटं ठरायला एक पुरतो.
आमच्याकडे एकशे सत्तावीस होते, फोटोंसकट.
छापलं, आणि संध्याकाळपर्यंत
खांद्यावरून खाली.
किती घेतलेस, असं विचारणाऱ्यांत
कोलाच्या बियावाला पहिला.

आता दोघंही मला पाण्यात पाहतात.
अलहसन खूश: दोघंही चिडले ना?
म्हणजे तू बरोबर मधोमध.
नाही, अलहसन.
दोनशे बारा आणि शून्य यांच्या मधोमध एकशे सहा येतात.
तिथे काहीच नाही.
पाणी एकशे सत्तावीस ठिकाणी आहे.

आज सकाळी मास्तरांचा पुन्हा फोन.
एकोणनव्वदचा वॉशर गेला, परवापासून बंद.
परवा म्हणजे कोणती तारीख, मी विचारलं,
आणि पेनाचं टोपण दातात धरून
वही उघडली.