पकडायचा की पाळायचा

लोहिया बाजारात हफीझभाईंच्या दुकानी
छताला रिकामे पिंजरे टांगलेले,
गाडी गेली की एकमेकांवर किणकिणणारे.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी विचारलं,
"पकडने का, कि पालने का?"

तसं मी जुनं गिऱ्हाईक.
पोळीचा तुकडा तव्यावर करपवून आकड्याला लावायचा,
रात्री खट्कन दार पडायचं,
पहाटे स्कूटरवर पायांशी पिंजरा घेऊन
मी स्वर्णरेखा नाल्यापलीकडे.
ऋजुता म्हणायची, बाबा, ते परत येतात.
मी म्हणायचो, येऊ देत, मीही परत येतोच की.

"पालने का," मी म्हणालो,
आणि उगाच लाजलो.

कॉलेजातला प्रयोग संपला तेव्हा
तिनं दोन पांढऱ्या माद्या घरी आणल्या,
गजकच्या खोक्याला भोकं पाडून.
शेपटीवर निळ्या शाईच्या खुणा,
म्हणून एक एकरेघी, दुसरी दोनरेघी.
मग तिला लागली नोकरी बंगळूरला.
विजेच्या बिलामागे ती लिहून गेली:
फटीतून पेन्सिल गेली तर उंदीर गेला समजा.
डोकं मावलं की अंग मावतं.
तळ जाळीचा नको, पाय सोलवटतात.
चाक सळ्यांचं नको, शेपटी अडकते.
काचेची पेटी नकोच,
मुताचा वास आत कोंडतो, छाती नाजूक असते त्यांची.
खाली दोनदा रेघ मारून:
उन्हाळ्यात कुलरसमोर ठेवू नका. तुम्ही ठेवाल.

मी खिशातून पेन्सिल काढली.
पोपटाचा पितळी घुमट: पेन्सिल गेली, अंगठाही गेला.
नई सडकच्या मासेवाल्याकडचा गुलाबी बंगला,
नळ्या, जिने, झोपाळा,
लग्नाच्या मांडवासारखा,
पण चाक सळ्यांचं, किंमत चोवीसशे.
हफीझभाई स्वतः वाकवलेले तीन दाखवून थकले,
मग म्हणाले, "घर में कोई जालीवाली अलमारी नहीं पडी?"

पडली होती.
मागच्या गॅलरीत, सिलिंडरच्या आड.
सुलभा तीत दूध ठेवायची, लोणी, उरलेली भाजी,
उंदरांपासून.

रिक्षात आडवी घालून नेली.
त्यांनी गंजलेली जाळी टराटरा फाडली,
पाव इंची नवी कापली,
आणि हातोडी उचलून थांबले.
पूर्वी जाळी बाहेरून ठोकलेली,
कुरतडणारे बाहेर होते तेव्हा.
"अब अंदर से," ते स्वतःशीच बोलले,
आणि खिळे तोंडात धरून कपाटात अर्धे शिरले.

दाराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं
दुधाचा हिशोब निघाला:
दीड, दीड, एक, नागा, दीड,
पाहुणे, तीन.
"रंदा मारूं?"
नको म्हटलं.
लाकूड कुरतडतील ना ते?
कुरतडू देत. दात थांबत नाहीत त्यांचे.

आता रात्री
चाक फिरतं, भरीव, पत्र्याचं,
डब्याच्या झाकणापासून केलेलं.
विजेच्या जुन्या बिलांच्या पट्ट्यांत दोघी निजतात,
उठतात, बाजरी सोलतात,
दोनरेघीनं 'नागा' अर्धा खाल्लाय.

काल दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो
तर जाळीशी, बाहेरच्या अंगाला,
भिंतीतला तो करडा, म्हातारा,
कान फाटका, सांडलेला दाणा दोन्ही हातांत धरून.
आतून एकरेघी.
नाकाला नाक.
मी दिवा न लावता उभा राहिलो.
माळ्यावरचा जुना पिंजरा आठवला,
पोळीही होती डब्यात.

सकाळी ऋजुताचा फोन.
बाबा, फट नीट बघितलीत ना?
पेन्सिल जात नाही, म्हटलं.
मिशा तेवढ्या जातात.