रिव्हेट

शनिवारी शेड उघडायच्या तासभर आधी
इद्वल फक्त मॅक्सनसाठी दार सरकवतो.
शिट्टी नाही, हे ठरलेलं.
वाफ सोडायची तीही आधी बोट वर करून.

पोरगा नजरेला नजर देत नाही.
इंजिनाला मात्र कपाळ टेकवतो,
कोमट लोखंडाला,
मग रिव्हेट मोजतो, बोटानं, एकेक.

"एकशे सदतीस."

"अडतीस," इद्वल म्हणाला.
चाळीस वर्षं पुसतोय तो हे धूड.
मॅक्सननं कान झाकले.
इंजिन उभंच; डोलत राहिला तो, पिस्टनसारखा.

रात्री, वेल्सच्या डोंगरातलं धुकं तुडवत,
म्हातारा कंदील घेऊन परत आला.
दोनदा मोजलं.

पुढच्या शनिवारी दार सरकवता सरकवता
पुटपुटला, "सदतीस."

"एकशे," मॅक्सननं दुरुस्त केलं,
आणि चिंधीसाठी हात पुढे केला.