वाजणारी की मुकी

हुपरीच्या बाबगोंडानं जुन्या पेपरावर
सात जोड ओळीनं मांडले
आणि पहिला प्रश्न विचारला तो पैशाचा नव्हता.
"वाजणारी दाखवू, का मुकी?"

पैंजणं मुकीही असतात, मला ठाऊक नव्हतं.
नुसती साखळी, घुंगरू नाही.
"हापिसाला जाणाऱ्या पोरी नेत्यात," म्हणाला,
"मजुरी बी कमी पडती."

उद्यमनगरात तेहतीस वर्षं प्रेसवर काढली.
पत्रा आत, पाय खाली, धाड.
पत्रा आत, पाय खाली, धाड.
कानात कापूस घालायचो,
आठवला तर.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं केला.
रेघ डावीकडून बरी चालली होती,
मग पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरावी तशी
खाली, आणखी खाली, पाण्यात.
"बारीक आवाज आधी जातात," त्या म्हणाल्या,
"डास, कुकरची शिट्टी, पैंजण."
त्यातलं पैंजण तेवढं मी घरी घेऊन आलो.

कागद रेशनकार्डाच्या आत आहे.
मालनला दाखवलेला नाही.
तिला वाटतं, मी मुद्दाम लक्ष देत नाही.
तेच बरं.
रागावलेलं माणूस जवळ येऊन बोलतं.

तिची लग्नातली पैंजणं पुराच्या साली गुजरीत मोडली.
काट्यावर पडताना शेवटची वाजली असणार.
तेव्हा मला ऐकू येत होतं,
पण मी आकड्याकडं बघत होतो.

चुलीपासून मोरीपर्यंत तिची चार पावलं.
तिसरं जरा उशिरा,
डावा गुडघा आखडतो म्हणून.
छन, छन,
          छन, छन.
अंथरुणात डोळे मिटून सांगायचो,
आता घागर घेतली, आता दार ढकललं.

बाबगोंडा एकेक जोड कानाशी हलवून दाखवतो.
वाजतंय, हे त्याच्या भुवयांवरून कळतं.
मी मान डोलावतो.
सातही जोडांना सारखीच.

बेअरिंग तपासताना आम्ही
स्क्रू ड्रायव्हर कानामागच्या हाडाला टेकवायचो.
कान फसतो, हाड फसत नाही, असं मेस्त्री म्हणायचा.
तसा मी चौथा जोड हाडाला लावला
आणि हलवला.
मुंगी चालल्यासारखं झालं कातडीवर.
तेवढंच.

बाबगोंडा बघत राहिला. हसला नाही.
आत तोंड करून नातीला हाक मारली.
सात-आठ वर्षांची, मुठीत चिरमुरे.
तिनं चिरमुरे माझ्या ओंजळीत दिले, धरायला,
सगळे जोड हलवले, पहिल्यापासून परत हलवले,
आणि सहावा उचलला.
"ह्यो. बाकीची नुसती किरकिर करत्यात."

"घरात ऐकायला कोण कोण?" बाबगोंडानं हळूच विचारलं असावं,
ओठांवरून तसं वाटलं.
"ती हाय की," म्हटलं, "शेजारी हैत. मांजर हाय."
त्यानं पेपर डबीत झटकला.
इथं केरातही चांदी असते,
काही वाया जात नाही.
मग वजन केलं, आणि घुंगरांची मजुरी
लावलीच नाही.

येताना एस.टी.त पुडी छातीशी धरली होती.
पुढच्या बाकावरचं पोर सारखं वळून बघत होतं.
वाजत असणार.

संध्याकाळी मालननं घातली.
काहीतरी बोलली, मी म्हटलं, "व्हय."
मग पाठमोरी झाली, मोरीकडं गेली,
आणि मी तिच्या टाचांकडं बघून मोजलं,
एक, दोन,
          तीन, चार.

रात्री दिवा मालवायच्या आधी
उशीखाली हाताला गार काही लागलं.
दोन्ही पैंजणं, रुमालात घट्ट बांधलेली.
कानाशी येऊन, जवळजवळ ओरडून म्हणाली,
"तुमची झोप मोडंल म्हणून काढलो."

गाठ सोडली.
तिचा पाय मांडीवर घेतला.
फासा चष्म्याशिवाय बसेना, दोनदा निसटला.
म्हटलं,
"मोडू दे की."