गणपूर्तीअभावी

सभेची वेळ साडेपाच. हजर चार.
गणपूर्ती सातांची.
म्हणून अकराव्या कलमानुसार सभा अर्धा तास तहकूब,
नंतर त्याच जागी, त्याच विषयांवर,
आणि मग गणपूर्तीचं बंधन नाही.
हे मी लिहून घेतलं. मी मानद चिटणीस,
जेल रोड यंग स्टार्स फुटबॉल क्लब, नाशिकरोड.
त्याआधी एकतीस वर्षं प्रेसमध्ये:
कोरी नोट उजेडाकडे धरायची,
खोट दिसली की लाल खूण करून
अख्खा ताव बाजूला काढायचा.

बाकीचे का आले नाहीत ते सगळ्यांना ठाऊक आहे.
ज्यांच्या ठेवी बुडाल्या ते रागानं,
ज्यांनी कर्जं बुडवली ते लाजेनं.

विषय क्रमांक चार:
श्री. प्रफुल्ल कोठुळे यांना कार्यकारिणीवर घेणेबाबत.
अर्ज जाड कागदावर, टाइप केलेला.
चार फ्लडलाइट, बत्तीस जोड बूट, एक बोअरवेल,
आणि "या मातीशी माझे असलेले नाते".
सप्तधारा पतसंस्थेचा उल्लेख नाही.
तिच्या शटरवरचं सील तीन पावसाळ्यांत धुऊन निघालं,
लाख गेली, दोरा तेवढा राहिलाय.

तो आला. पांढरी गाडी गोलपोस्टमागे लावली.
जामीन मिळाल्यापासून जरा वाळलाय.
"काय म्हणता, काका?"
मी म्हटलं, सभा तहकूब आहे.

मग अर्धा तास करायचं काय?
पोरं सराव करत होती, निम्मी अनवाणी,
डिसेंबरच्या गारठ्यात तळपाय जांभळे.
जोएलच्या हातून सुटलेला बॉल घरंगळत
थेट त्याच्या चकचकीत बुटांपाशी आला.
त्यानं कोट काढून माझ्या खुर्चीवर टाकला,
दोन पावलं मागे सरला
आणि डाव्या पायानं असा मारला
की आडवा बार घंटेसारखा वाजला.
पोरं ओरडली. अब्बासभाईंनी तोंडातली शिटी काढली.
अठ्ठ्याऐंशी साली हाच आमचा लेफ्ट हाफ होता,
हे मी विसरलो नव्हतो,
पण पायालाही ते आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

सिसिल्याबाई पारखे जर्सींच्या घड्या घालत होत्या.
नवऱ्याच्या फंडाचे दोन लाख चाळीस हजार,
आणि त्याची पावती अजून बायबलमध्ये.
घडी न मोडता म्हणाल्या,
"पाय चांगलाय हो त्याचा.
हाताचं काय?"

सहा वाजले. सभा पुन्हा सुरू.
पहिले तीन विषय झाले: चुन्याचं बिल, फाटकी जाळी,
मनमाडच्या स्पर्धेचं गाडीभाडं.
चौथ्याला वीज गेली.
खोलीत मिट्ट. टर्ले सर अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले,
"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा,"
पण हात दिसेनात.
तेव्हा बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली
आणि हेडलाइटचा झोत खिडकीतून आत आला,
टेबलावर, अर्जावर, आमच्या तोंडांवर.
"मोजून घ्या निवांत," तो दारातून म्हणाला.
"घाई नाही."

अब्बासभाईंचा हात वर. त्यांना बूट हवेत,
ते सकाळीच सांगून मोकळे झाले होते.
टर्ले सरांचा, अर्धा, कोपरातून.
सिसिल्याबाईंचे दोन्ही जर्सीवर, घट्ट.

मी अर्ज उचलला. जुनी सवय,
उजेडाकडे धरला.
कागदातून त्याचेच दिवे दिसत होते,
दुसरं काही दिसेना.

इतिवृत्तात लिहिलंय:
बाजूने दोन, विरोधात एक.
चिटणीस नोंद घेत होते.

खरंच घेत होतो.
पेन उजव्या हातात होतं.
डावा
रिकामा होता.