रुमाल

हळदीच्या सौद्यात बापू
रुमालाखाली हात घालायचे.
चार बोटं धरली, एक सोडलं,
अर्धं पेर दाबलं –
भाव ठरला.
भोवती पन्नास माणसं, कुणाला पत्ता नाही.

काल रात्री विश्रामबागेत, आवटींच्या माडीवर,
मी मोबाईलवर टाकलं :
डाव्या स्तनात गाठ, दुखत नाही.
वायफाय आवटींचं,
पासवर्ड त्यांच्या नातवाचं नाव.
वर पत्त्यापाशी एक बारकं कुलूप.
त्याच्याकडेच बघत बसले.

सकाळी बापू आले, तर त्यांना
कुलपाचं सांगितलं. गाठीचं नाही.
म्हणजे वाटेत कुणालाच वाचता येत नाही, म्हटलं.
‘मग रुमालच की तो.’
चहा बशीत ओतला, फुंकलाही नाही.
‘पण कोण कुणाच्या रुमालात हात घालतंय
ते अख्खा बाजार बघतो, पोरी.
आणि पलीकडचा हात
विसरत नाही.’

मग खांद्यावरचा पिवळट टॉवेल काढून
माझ्या हातावर टाकला,
खालून बोटं पुढं केली.

कुठलं दाबायचं, मला कुठं येतंय?
सगळीच धरली.

बराच वेळ.

‘मिरजेला,’ बापू म्हणाले,
‘किती वाजता निघायचं?’